चुकलेल्या खाचरातली इर्जिक

मी नोकरीत नेमकं काय करत होते, हे भोरमधल्या माझ्या सख्ख्या शेजारणीला अजून धड सांगता येत नाही. मी निवृत्त झाल्यावर तिने एका गृहस्थांना माझी ओळख करून दिली, "ह्या खेड्यातल्या बायकांना बोलायला शिकवायच्या." त्या गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "म्हणजे तुमच्यामुळे झालं होय हे सगळं!" मी त्यांना हात जोडले. कामाची एवढी मोठी पावती मला संस्थेनेही कधी दिली नव्हती.

वेल्ह्याच्या बाजारात मी 'मीटिंगवाल्या बाई' होते. वेल्हे गाडीच्या एका कंडक्टरची पक्की समजूत होती की मी कुटुंबनियोजनवाली आहे, त्यामुळे मला तिकीट देताना तो आवाज खाली आणायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. मी त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही. त्या गैरसमजामुळे मला पुढची सीट मिळायची.

माझ्या कामाचं खरं नाव समुपदेशन. हा शब्द आमच्या बायकांपैकी एकीनेही कधी उच्चारला नाही, आणि त्यांचं काही अडलं नाही. काम साधं होतं. नवऱ्याचा मार, पोराचा मार, जबरदस्ती, जाळण्याचा प्रयत्न, घरातून हाकलणं, असं काहीतरी जिच्यावर गुदरलंय अशा बाईपाशी बसायचं. मग अशाच चारसहा जणींमध्ये तिला बसवायचं. ती बोलली तर ऐकायचं, नाही बोलली तरी बसून राहायचं. पोलीस, वकील, दवाखाना लागला तर तिच्याबरोबर जायचं. आणि सल्ला द्यायचा नाही. हे शेवटचं माझ्या जिवावर यायचं, कारण मी रस्त्याने चाललेल्या अनोळखी माणसालाही छत्री कशी धरावी ते सांगणारी बाई आहे. माझे यजमान म्हणायचे, तू बाहेर दिवसभर तोंड आवरतेस आणि त्याची सगळी भरपाई घरी येऊन करतेस. खोटं नव्हतं ते.

प्रशिक्षणात आम्हाला एक युक्ती शिकवली होती. बायकांना डोळे मिटायला सांगा, शांत समुद्रकिनारा डोळ्यांपुढे आणायला सांगा, लाटा येताहेत, वाळू ऊबदार आहे, तुम्ही सुरक्षित आहात. मी पहिल्याच बैठकीत मोठ्या तयारीने हे सुरू केलं. लाटेपर्यंत पोचले तर एकीने डोळे उघडून विचारलं, समुद्राला बांध कुठं असतो? कुणीच समुद्र बघितला नव्हता. दुसरी म्हणाली, धरणासारखा असंल, आमचं जुनं गाव त्याच्या पोटात हाय. झालं, सुरक्षित वाटायचं राहिलं बाजूला, अर्धी बैठक बुडालेल्या गावांवर गेली. तेवढ्यात कोपऱ्यातून घोरण्याचा आवाज आला. एक बाई भिंतीला टेकून गाढ झोपली होती. घरी नवरा कधी उठून मारेल या धास्तीने तिला झोपच लागत नसे. आम्ही सगळ्या तिला उठवू नये म्हणून कुजबुजत बोललो. बैठकीच्या अहवालात मी 'सहभाग उत्तम' असं लिहिलं.

आमची बैठकीची खोली वेल्ह्यात एका पिठाच्या गिरणीच्या मागे होती. संस्थेच्या साहेबांना ती जागा अजिबात आवडली नव्हती, गोंगाट फार म्हणून. मला ती गोंगाटासाठीच हवी होती. गिरणी चालू असली की दाराशी कान लावणाऱ्यालाही काही ऐकू जायचं नाही. गिरणी थांबली की आतल्या बायका बोलता बोलता थांबायच्या, अगदी अर्ध्या वाक्यात, आणि पट्टा फिरायला लागला की पुढचं अर्धं वाक्य सुरू. शिवाय दळणाची पाटी घेऊन निघालेल्या बाईला कुणी विचारत नाही कुठं चाललीस. पासलीकडची एक जण तर एकच नाचणी पुन्हा पुन्हा दळून न्यायची. शेवटी तिची सासू म्हणाली म्हणे, वेल्ह्याची गिरणी लई बारीक दळती, तिकडंच जात जा.

लोकांना वाटतं अशा बैठकीत नुसतं रडणं चालत असेल. रडणं असायचंच. पण हसणं जास्त असायचं, आणि ते हसणं इतकं वाह्यात असायचं की त्यातलं काही इथे छापता येणार नाही. नवऱ्यांच्या नकला व्हायच्या. सासूच्या चालीच्या नकला व्हायच्या. माझी नक्कल तर मी खोलीत असतानाच व्हायची, मान तिरकी करून "मग तुम्हाला कसं वाटलं?" असं विचारत. गिरणीवाला एकदा पीठ माखल्या चेहऱ्याने दारात येऊन म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक इचारतंय आत लगीन हाय का."

सगळ्यांच्या बाबतीत असं छान झालं, असं मी म्हणणार नाही. एक तरणी पोरगी तीनचार बैठकांना आली, हसली, आणि मग सासरी परत गेली ती पुन्हा दिसलीच नाही. तिच्या घरी जाऊन आले, दार उघडलं नाही. अजून एसटीत चढले की मी आधी सगळ्या सीटांवरून नजर फिरवते. ते दुःख मला आहे, आणि ते जात नाही.

तर आता वैजूची गोष्ट. नावं मी सगळी बदलली आहेत आणि वाडीही जरा इकडची तिकडे केली आहे, पण भाताचं खाचर मात्र होतं तिथेच आहे.

वैजूचं गाव पासलीच्या अलीकडची एक वाडी. तिचा नवरा तिला मारायचा, आणि मारायचं कारण एकच, तिने उलट उत्तर दिलं. उत्तर म्हणजे काय, तर "मीठ संपलंय" हेही उत्तर. मारायचा तोही तोंडावरच. पुढचे दोन दात त्यात गेले. मग तो मोटरसायकलवरून पडून वारला. तिची सुटका झाली म्हणावं तर थोरला दीर किसन दारात येऊन तसाच उभा राहायला लागला, तोच आवाज, तीच तऱ्हा. हात त्याने कधी उगारला नाही. पण वैजूचं बोलणं बंद झालं. दवाखान्यात घसा तपासला, घशात काही दोष नव्हता. शेळ्यांशी बोलायची म्हणे, तेही आजूबाजूला कुणी नसलं तर.

बैठकीला ती नेमाने यायची. येताना चाळण घेऊन यायची आणि बसल्या बसल्या दुसऱ्यांचं पीठ चाळत ऐकायची. तिची पाळी आली की तोंडावर हात ठेवून मान हलवायची. आम्ही पुढे जायचो. कुणी तिला 'बोल गं' म्हणायचं नाही, हा आमचा शिरस्ता होता. तो सगळ्यांनी पाळला, एक येसूआजी सोडून.

येसूआजी मूळ हिर्डोशीच्या, पण पोटचा पोरगा मारतो म्हणून घर सोडून वेल्ह्याला लेकीकडे येऊन राहिलेल्या. उंची चार फूट, आवाज मात्र तोरण्यावर पोचेल एवढा. त्यांना जगातलं सगळं माहीत होतं. पाऊस कधी थांबणार, कुठल्या गाडीला जागा मिळणार, कुणाची गाय कधी विणार, सगळं. चुकलं तरी फरक पडायचा नाही, कारण तोवर त्या पुढच्या गोष्टीवर गेलेल्या असायच्या. त्या वैजूला दर बैठकीत म्हणायच्या, "पोरी, बोलू नगं, पर निदान शिंक तरी." वैजू गालात हसायची.

तिसरी मुमताज. हायवेच्या कडेच्या वस्तीत राहणारी, शिवणकाम करणारी, नवऱ्याने रॉकेल ओतलं होतं तेव्हा खिडकीतून उडी मारून वाचलेली. एका हातावर डाग राहिले होते. शिवणाच्या कामात तो हात मागे पडायचा नाही. तिला हसू आवरायचं नाही, आणि ती हसायला लागली की बसायचीच, उभी असली तर खाली.

अशा सगळ्या आठदहा जणी, पण एका गावच्या दोघी नाहीत. हा माझा नियम. एका वाडीतल्या दोघी एका बैठकीत बसल्या की तिसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सगळं पसरतं. म्हणून मी प्रत्येकीला दुसरीकडची शोधून बसवायची. या नियमाचा मला इतका अभिमान होता की एका कार्यशाळेत मी त्यावर भाषणही ठोकलं होतं.

त्या वर्षी भातलावणीच्या दिवसांत वैजू बैठकीला आली ती चाळण न घेता. तिने खुणेने आणि थोडं पाटीवर लिहून सांगितलं. किसन दारात येऊन म्हणाला होता, बाईमाणसाला शेत झेपत नाही, गेल्या साली तुझं खाचर पडीक राहिलं, याही साली राहिलं तर मी ते माझ्या खाचरात घेतो, तू माहेरी जा. सातबाऱ्यावर वैजूचं नाव होतं, ते मी आधीच बघून घेतलं होतं. पण एकदा किसनचं भात त्यात उभं राहिलं असतं, तर ते कापायला आणि मग जमीन सोडवायला कोण जाणार होतं? ज्या बाईला मीठ संपलंय म्हणता येत नाही, ती तहसील कचेरीत काय भांडणार? आणि मजूर लावावे तर त्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, मिळाले तरी किसनच्या भीतीने वैजूकडे यायला कुणी तयार नव्हतं.

माझ्या डोक्यात अर्ज, नोटीस, सरपंच असं सगळं सुरू झालं. येसूआजी म्हणाल्या, "इर्जिक करू."

बाहेरच्यांसाठी सांगते. इर्जिक म्हणजे अडलेल्याच्या शेतात बाकीच्यांनी एक दिवस येऊन राबायचं. मजुरी नाही. ज्याचं शेत लागलं त्याने सगळ्यांना पोटभर जेवायला घालायचं, आणि दुसऱ्याची वेळ आली की त्याने आपले हात घेऊन जायचं. जो जेवण घालत नाही किंवा उलट जात नाही, त्याच्या हाकेला मग गावातलं कुणी येत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मोडायची छाती कुणाची होत नाही. इर्जिक घालतात पुरुष. बायकांनी लावणी करायची, पण हाक द्यायची पुरुषांनी. त्यामुळे येसूआजींचं बोलणं ऐकून खोली जी पेटली ती पेटलीच.

मी म्हटलं, सगळ्या तिच्या वाडीत गेलात तर ओळख पटेल, गुपित फुटेल. मुमताज म्हणाली, गिरणीवरच्या मैत्रिणी म्हणून जाऊ, खरंच तर आहे. मी वैजूकडे बघितलं. तिने मान हलवली, या वेळी होकाराची.

मुमताजच्या भावाचा टेम्पो ठरला. चिखलणीसाठी एका ओळखीच्या माणसाचा पॉवर टिलर ठरला, तो आदल्या दिवशी परस्पर खाचरावर जाणार होता. वैजूने घरी राहून रांधायचं, कारण जेवण तिने घालायचं. आणि खाचर कसं ओळखायचं? वैजूने पाटीवर लिहून दिलं, ओढ्यापाशी उंबराचं झाड, त्याच्या खालचं खाचर. येसूआजी म्हणाल्या, त्यांना झाड सांगायची सुद्धा गरज नाही, भाताची जमीन त्या वासावरून सांगतात.

आम्ही पोचलो तेव्हा धुकं असं होतं की मला माझ्याच पायातले बूट दिसत नव्हते. ओढा ऐकू येत होता. उंबर सापडला. त्याच्या डाव्या हाताला एक खाचर होतं, त्यात नुसतं गवत. उजव्या हाताला दुसरं, मस्त चिखललेलं, लोण्यासारखं, आणि बांधावर उपटलेल्या रोपांच्या मुठी ओळीने ठेवलेल्या. येसूआजींनी वाकून चिखल मुठीत घेतला, वास घेतला आणि म्हणाल्या, "हेच. पोरीनं मुठी बी काढून ठेवल्यात, बघा." एकीलाही वैजूचं शेत माहीत नव्हतं, कारण एकही त्या वाडीची नव्हती. त्या धुक्यात माझा नियम किती उत्तम पाळला गेला होता, याचा विचार मला तेव्हा सुचला नाही.

पदर खोचले, प्लास्टिकचे कागद डोक्यावर घेतले आणि सगळ्या उतरल्या. मीही उतरले. माझी रोपं अशी तिरकी लागत होती की येसूआजींनी मला बांधाच्या कडेला पाठवून दिलं, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही. मुमताजने आयुष्यात पहिल्यांदा भात लावलं. पहिल्या ओळीला ती दोनदा चिखलात बसली आणि पाचव्या ओळीला माझ्या पुढे निघून गेली.

तिथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट नव्याने कळली. खोलीत समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही, ते शेजारी शेजारी वाकून, हात चिखलात असताना सहज निघतं. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही ना. एक जण पाठ वाकवून, रोप रोवत, पहिल्यांदाच सांगत होती की त्या दिवशी तिच्या बाबतीत काय झालं. बाकीच्या 'हं' म्हणत मागे मागे सरकत होत्या. तिचं सांगून झालं तेव्हा तिची ओळ संपली होती. ती उभी राहिली, कंबर चोळली आणि म्हणाली, "द्या हिकडं अजून एक मूठ."

आणि मग किसनचा उद्धार सुरू झाला. सुरुवात येसूआजींनी केली. एक रोप, एक शिवी. "हे किसन्याच्या नाकात," म्हणून एक रोप रोवलं. मग दुसरीने त्याच्या मिशीत. मग कुठे कुठे, ते विचारू नका. प्रत्येकीला आपला आपला माणूसही आठवला होता, पण सगळ्यांनी नाव किसनचंच घेतलं, एकजुटीने. खाचर असं भराभर भरत गेलं की बघत राहावं. शिव्या देऊन लावलेलं भात इतकं सरळ रांगेत येतं हे शेतकी खात्याला कुणी कळवलं नसावं.

धुकं वर उचललं तेव्हा शेवटची ओळ चालू होती. बांधावर एक मोठा माणूस काळी छत्री घेऊन उभा होता, मागे चार मजूर. तो खाचराकडे बघत होता, आमच्याकडे बघत होता, पुन्हा खाचराकडे.

"हे कुणी लावलं?" त्याने विचारलं.

येसूआजींनी छाती पुढे काढली. "आमी. आमच्या वैजूचं खाचर हाय. तुमी कोण?"

"म्या किसन. आन् खाचर माजं हाय. तिचं त्ये, पल्याडलं."

सगळ्यांची मान एकदम डावीकडे वळली. डाव्या हाताचं गवत वाऱ्यावर डुलत होतं. टिलरवाला आलाच नव्हता, त्याचं यंत्र वाटेतच बंद पडलं होतं हे आम्हाला दुपारी कळलं. चिखललेलं खाचर एकच होतं म्हणून आम्ही त्यात उतरलो होतो. आम्ही किसनच्या नाकात आणि मिशीत रोप रोवत किसनचं अख्खं खाचर लावून दिलं होतं.

पहिली मुमताज बसली. ती चिखलात बसली आणि हसायला लागली. मग दुसरी. मग सगळ्या, एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून, पोट धरून. मी निवृत्तीच्या वयाची बाई, मला उभं राहता येईना. किसनला काही कळेना, पण फुकटात लावणी झाली एवढं कळलं आणि त्याची मिशी फुलली. मजुरांना म्हणाला, जावा घरी, काम झालं. मजूर काही गेले नाहीत. पुढे काय होतंय ते बघायला ते बांधावर बसले.

येसूआजींचं हसू सगळ्यांत आधी थांबलं. "फुकाट न्हाई," त्या म्हणाल्या. "इर्जिक हाय ही. ज्याचं खाचर लागलं त्यानं जेवाण घालायचं. आन् उंद्या उलट यायचं, वैजूच्या खाचरात."

"म्या कुठं हाक दिलती?" किसन म्हणाला. मजुरांतला एक म्हातारा पान खात म्हणाला, "किसना, खाचर तुजंच लागलंय न्हवं?" एवढंच म्हणाला आणि पलीकडे थुंकला. किसनच्या कपाळाला आठ्या पडल्या. बायकांना हाकलणं सोपं होतं. इर्जिकीचं जेवण बुडवलं असं चौघांच्या तोंडून वाडीत जाणं सोपं नव्हतं.

त्याच वेळी वैजू आली. डोक्यावर भाकऱ्यांची पाटी, हातात पिठल्याची किटली. तिने सगळं एका नजरेत बघितलं. लावलेलं खाचर, गवताचं खाचर, किसन. तिचा हात तोंडाकडे गेला.

किसनला वाट सापडली. त्याच त्या आवाजात म्हणाला, तुझ्याच बाया हायत, ने घरी आन् वाढ त्यांना, आन् खाचराचं मी सांगितलंय तसंच होईल.

मला बोलायचं होतं. माझ्या जिभेवर सातबारा, कायदा, पोलीस सगळं तयार होतं. पण मी बोलले असते तर किसन माझ्याशी भांडला असता, आणि मी संध्याकाळच्या गाडीने भोरला गेल्यावर वैजू तिथेच राहिली असती. मी चिखलात उभी राहून दात आवळून गप्प राहिले. एवढी मेहनत मी लावणीलाही केली नव्हती. आश्चर्य म्हणजे येसूआजीही गप्प होत्या. बाकीच्या सगळ्या वैजूकडे बघत होत्या. कुणी 'बोल गं' म्हणालं नाही.

वैजूने पाटी बांधावर ठेवली. तोंडावरचा हात खाली आला, तो पाटीवरचं फडकं सरळ करायला. मग तिने ते फडकं चारी बाजूंनी नीट खोचलं आणि पाटी झाकून टाकली.

"भावजी," ती म्हणाली. आवाज खरखरीत होता, गंज चढल्यासारखा. "खाचर तुमचं लागलं. जेवाण तुमी घालायचं. माजं जेवाण उंद्या, माज्या खाचरात." श्वास घ्यायला थांबली. "येताना टिलर घेऊन या."

बांधावरच्या म्हाताऱ्याने पान चघळायचं थांबवलं. किसन मजुरांकडे बघायला लागला, मजूर आभाळाकडे बघायला लागले. मी रडत होते, ते मला नंतर मुमताजने सांगितलं. मला वाटलं पाऊस आहे.

"घरी सुमनला सांगतो रांधायला," किसन म्हणाला आणि छत्री मिटून वाडीकडे चालायला लागला. पाऊस पडतच होता.

दुसऱ्या दिवशीचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे जेवणाकडे निवांत जाता येईल. किसन टिलर घेऊन आला, ते चार मजूरही आले, आणि आम्ही पुन्हा टेम्पोतून गेलो. वैजूचं खाचर सगळं लागलं. दिवाळीच्या आत तिने ते कापलंही. जमिनीचा विषय किसनने पुन्हा काढला नाही.

आता जेवण. ओढ्यावर हातपाय धुऊन आम्ही किसनच्या पडवीत रांगेने बसलो. सुमन, म्हणजे वैजूची जाऊ, आधी घाबरलेली होती, पण मग तिला काय उकळी फुटली कोण जाणे. चुलीवर भाताची दोन पातेली चढवली, आमटी केली, ठेचा केला, आणि नवऱ्याला म्हणाली, माझे हात भाकरीत आहेत, तुम्ही वाढा. आजवर पडवीत बसून जेवलेला माणूस कमरेत वाकून आम्हाला वाढायला लागला. येसूआजींनी त्याला तीनदा परत बोलावून आमटी मागितली. मुमताजला ठसका लागला, तो आमटीचा नव्हता.

रांगेच्या टोकाला वैजू बसली होती. त्या घरात ती पहिल्यांदाच बसून जेवणार होती, एरवी ती त्या पडवीत आली तर झाडायला. किसन भाताचं पातेलं घेऊन तिच्यासमोर आला आणि एक डाव भात तिच्या ताटात टाकला. रीत अशी, की पुरे झालं की जेवणाऱ्याने 'बास' म्हणायचं, तोवर वाढणाऱ्याने हात आखडायचा नाही. इर्जिकीच्या पंगतीत तर नाहीच नाही.

वैजू बास म्हणाली नाही. दुसरा डाव पडला. तिचे हात मांडीवर होते. तिसरा पडला. किसनने तिच्याकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती, तोंड मिटून. मला वाटलं, गेला परत हिचा आवाज. चौथा डाव. पंगतीतलं खाणं थांबलं. ताटात भाताचा तोरणा उभा राहिला होता आणि आता त्याच्या माचीवरून भात दरडीसारखा कडेला घसरत होता. मग मला तिच्या ओठांचा कोपरा दिसला. तो थरथरत होता, आणि ती भीती नव्हती. ही बाई आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने गप्प बसली होती, आणि मजा बघत होती.

सुमन दारात पदर तोंडात कोंबून उभी होती. किसनने पातेल्याच्या बुडाला डाव फिरवला, खरवडून निघालं तेवढंही तिच्या ताटात घातलं आणि रिकामं पातेलं तिला वाकवून दाखवलं.

"सपलं," तो म्हणाला.

"मग दुसरं आणा, भावजी," वैजू म्हणाली. "बाया जेवायच्या हायत अजून."

किसन दुसरं पातेलं आणायला आत गेला.